नितळ

रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबत आलं की त्याचा आवाज खाली खाली उतरत जातो. त्या दिवशी नळ्या बाहेर काढायचं काम नव्या ट्रेनी मुलीकडे होतं. तळाशी रक्ताची गुठळी, मध्ये जेलचा थर, वर सीरम, म्हणजे रक्ताचा पातळ द्रव भाग. अशी एकेक नळी ती रॅकमध्ये लावत होती आणि एकदम थांबली. "मॅडम, हे बघा ना!" तिच्या हातातल्या नळीतलं सीरम पांढरंफटक होतं. नळीमागे धरलेलं तिचं बोट दिसत नव्हतं, इतकं दाट. दोघंतिघं जमले, कुणीतरी हळहळलं, "बिचाऱ्याच्या शिरांची काय अवस्था असेल!" असंही म्हणून झालं. त्याच्या शेजारची नळी तिने न बघताच रॅकमध्ये बसवली. त्यात बघण्यासारखं नव्हतंच काही. फिकट पिवळसर, नितळ, आरपार दिसणारं सीरम. पुस्तकात छापावं असं. दुपारी मशीनमधून आकडे बाहेर आले. दुधाळ नळीचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, हजाराच्या पुढे गेले होते, ते अपेक्षितच होतं. नितळ नळीचं एलडीएल, ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, होतं २६८. भलतंच जास्त.

कुणीही हळहळलं नाही. आकड्याखाली रेघ मारली गेली आणि रिपोर्ट पुढे गेला.

मला मात्र ती नितळ नळी दिवसभर खुपत राहिली. कारण तसं साधं आहे. सीरम दुधाळ दिसतं ते चरबीच्या मोठ्या कणांमुळे, कायलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएलमुळे. ते प्रकाश विखरतात. एलडीएलचा कण असतो जेमतेम २२ नॅनोमीटरचा, आणि आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर सुरू होते ती ४०० नॅनोमीटरच्या आसपास. एवढ्याशा कणाची प्रकाश दखलच घेत नाही म्हटलं तरी चालेल. एलडीएल दुप्पट होऊ दे, तिप्पट होऊ दे, सीरम नितळच राहतं. दुधाळ नळी निरुपद्रवी असते असं मुळीच नाही. ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर कधी वर सायीसारखा थर येतो, म्हणजे कायलोमायक्रॉन वर तरंगून आलेले असतात. ट्रायग्लिसराइड इतके वर गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, आणि ती काही लहानसहान गोष्ट नाही. पण कायलोमायक्रॉनचा फुगलेला कण धमनीच्या भिंतीत शिरायला फार मोठा पडतो. त्याच्यातली चरबी वाटेत काढून घेतल्यावर उरतो तो आक्रसलेला अवशेष मात्र शिरतो. एलडीएल तर शिरतंच, चोवीस तास, आणि रक्तात जितकं जास्त तितकं जास्त.

माझ्या काकांच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, दोन पिवळट चकत्या होत्या. मऊ, किंचित उचललेल्या. लहानपणी आम्हा भावंडांना ती काकांची खूण वाटायची. झोपेत असले की आम्ही हळूच बोट लावून बघायचो. टाचेच्या वरची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी दोरी, त्यांची चांगलीच जाड होती. बूट घातले की मागची कड टोचते म्हणून ते सतत कुरकुरायचे. डोळ्याच्या बुबुळाभोवती एक राखाडी-पांढरं कडं होतं, जे साधारण म्हाताऱ्या माणसांत दिसतं, आणि काका तर तेव्हा तरुणच होते. अंगाने सडपातळ. चालायला लागले की आम्हाला धावावं लागे. व्यसन कसलंही नाही. ते गेले तेव्हा चाळिशीत होते. सकाळी उठले, छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नंतर कितीतरी दिवस घरी येणारा प्रत्येक जण तेच बोलायचा: एवढा काटक माणूस, कसं काय झालं? कुणी म्हणालं, मनाला फार लावून घ्यायचे. कुणी म्हणालं, नजर लागली. पापण्यांवरच्या चकत्या, टाचेची जाड शीर, बुबुळाचं कडं, तिन्ही गोष्टी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होत्या. पुढे लॅबच्या कोर्सला असताना पुस्तकात त्या तिन्ही एकाच पानावर ओळीने छापलेल्या दिसल्या, तेव्हा मी ते पान मिटलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे जन्मापासून कोलेस्टेरॉल जास्त असण्याचा, घराण्यातून येणारा आजार. साधारण अडीचशे माणसांत एकाला. काकांचं सीरम कधी कुणी नीट बघितलं असेल तर नक्की नितळ दिसलं असेल.

हृदयविकार समजावून सांगताना सगळीकडे एकच चित्र काढतात: नळाचा पाइप, त्यात साचत गेलेला गाळ, आणि मग एक दिवस पाणी बंद. चित्र सोपं आहे, म्हणूनच ते इतकं चिकटलंय. पण त्यात पाइप मुका आहे. गाळ साचला काय नि नाही काय, पाइपाला त्याचं सोयरसुतक नसतं. धमनी तशी नसते. तिला आतून पेशींचं अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं, काही ठिकाणी तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. हे अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, वाहत्या रक्ताचं घर्षण ओळखतं. रक्त जोरात वाहू लागलं की भिंतीतल्या स्नायूला सैल पडायला सांगतं, आणि धमनी रुंदावते. प्लेटलेट्सना चिकटू देत नाही, पांढऱ्या पेशींना थारा देत नाही. ब्लॉकेज दिसायच्या कितीतरी वर्षं आधी बिघडतं ते हे वागणं. धमनी रुंद असते, मोकळी असते, अँजिओग्राफीत सुरेख दिसते, फक्त तिला सैल पडता येत नाही. "ब्लॉकेज नाहीये ना, मग काही नाही," असं म्हणत सुटकेचा श्वास टाकणारी माणसं मी रोज बघते. त्यांचा आनंद खोटा नसतो. पण तो अर्धाच असतो, आणि हे काउंटरवर उभं राहून कुणाला सांगायचं?

अस्तराचं हे वागणं कळलं तेही उशिरा, आणि अपघाताने. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग चालत. ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचं निरोप्या रसायन घातलं की पट्टी आकसायची, असा त्यांचा पक्का अनुभव. १९७८ मध्ये एका प्रयोगात तंत्रज्ञाकडून सूचनेबरहुकूम काम झालं नाही, आणि आकसायच्या ऐवजी धमनी सैल पडलेली दिसली. दुसरा कुणी असता तर नोंद फाडून टाकून प्रयोग पुन्हा करायला लावला असता. फर्चगॉट खोदत बसले. निघालं ते असं, की पट्टी कापताना, हाताळताना तिची आतली बाजू कशाकशावर घासली जात होती आणि ते नाजूक अस्तर निघून जात होतं. अस्तर शाबूत असलेली धमनी सैल पडे, खरवडलेली आकसे. मग त्यांनी अस्तर नसलेल्या पट्टीला अस्तर असलेली पट्टी समोरासमोर लावून बघितली, आणि ती उघडी पट्टीसुद्धा सैल पडली. म्हणजे अस्तर काहीतरी सोडत होतं. हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू निघाला, ज्याची तोवरची ओळख मुख्यतः धुरातला प्रदूषक अशीच होती. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. गंमत म्हणजे ज्या नायट्रोग्लिसरिनवर आल्फ्रेड नोबेलची संपत्ती उभी राहिली, तेच त्याला शेवटच्या दिवसांत हृदयासाठी घ्यायला सांगितलं होतं, आणि ते शरीरात जाऊन हाच वायू देतं. मला यातला तंत्रज्ञ आवडतो. आमच्या धंद्यात नमुना कसा हाताळला यावर सगळं असतं, आणि इथे तर हाताळणीनेच एक अख्खं इंद्रिय लपवून ठेवलं होतं. (या सगळ्या कथेत सशांचे उपकार फार. सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या रशियाच्या अनिच्कोव्ह यांनी, १९१३ मध्ये.)

आता एलडीएल तिथे जाऊन नेमकं करतं काय? अस्तर ओलांडून ते भिंतीत जातं, आणि बरंचसं परतही येतं. पण काही कण भिंतीतल्या साखर-प्रथिनांच्या धाग्यांना अडकून राहतात. अडकलेला कण ऑक्सिडाइझ होतो, एका अर्थी गंजतो, आणि मग तो पूर्वीचा राहत नाही. अस्तराच्या पेशींवर अशा बिघडलेल्या एलडीएलला पकडणारा एक रिसेप्टर असतो, लॉक्स-१ नावाचा. तो जागा झाला की पेशीच्या आत भराभर ऑक्सिडंट, म्हणजे असेच गंजवणारे रेणू, तयार व्हायला लागतात. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम अस्तराच्या पेशीतच असतं. आर्जिनिन हा त्याचा कच्चा माल, आणि टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सोबती. ऑक्सिडंट त्या सोबत्यालाच संपवतात. हाताशी सोबती नसला की एन्झाइम थांबत नाही, हीच तर अडचण. ते चालूच राहतं, फक्त नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड बनवायला लागतं. आणि सुपरऑक्साइड काय करतं? उरलंसुरलं नायट्रिक ऑक्साइड गाठून त्याचं पेरॉक्सिनायट्राइट करून टाकतं, जे पुन्हा त्याच सोबत्याच्या मुळावर येतं. कुंपणच शेत खायला लागतं ते असं. मला या एन्झाइमचं फार वाटतं. जागा तीच, काम करण्याची लगबग तीच, आणि हातून होतंय ते बरोबर उलटं.

त्यानंतरचं सगळ्यांच्या ऐकण्यातलं आहे. नायट्रिक ऑक्साइडचा धाक गेला की अस्तरावर चिकटवणारे रेणू उगवतात, मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन बसतात, आत उतरतात, बिघडलेलं एलडीएल खात खात फुगतात, फेसाळ दिसायला लागतात, आणि भिंतीत पिवळट रेघ उमटते. तीही सगळीकडे नाही. धमनीच्या सरळ भागात रक्त एका लयीत वाहतं, आणि ते घर्षणच अस्तराला सांभाळतं. जिथे फाटा फुटतो, जिथे वळण असतं, तिथे प्रवाह घुटमळतो, उलटा फिरतो, आणि तिथलं अस्तर मुळातच कमजोर असतं. सगळ्या अंगात एकच रक्त फिरत असूनही रोग ठरावीक ठिकाणीच का धरतो, याचं उत्तर बरंचसं या वळणांत आहे.

एका संशोधनासाठी मी एकदा माझा हात दिला होता. अंधाऱ्या खोलीत आडवं झोपायचं, दंडावरच्या धमनीवर सोनोग्राफीचा प्रोब, खाली हाताला बीपीचा पट्टा. पट्टा करकचून फुगवतात आणि साधारण ५ मिनिटं हातातलं रक्त थांबवून ठेवतात. बोटं आधी गार पडतात, मग जड, मग ती आपली वाटेनाशी होतात. पट्टा सोडला की रक्त लोंढ्याने येतं, तळहात गरम होतो, मुंग्यांचं मोहोळ उठतं, आणि स्क्रीनवर दोन फिकट रेघा एकमेकींपासून किंचित सरकतात. किंचित म्हणजे किती? निरोगी तरुण धमनी मिनिटभरात साधारण ५ ते १० टक्के रुंदावते. रेघांमधल्या त्या अंतरात अस्तराची सगळी तब्येत असते. सेलेरमायर आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी १९९२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यात आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया असलेली मुलं होती, आठ वर्षांपासूनची. दुखणं-खुपणं काही नाही, आणि त्यांच्या धमन्या जवळजवळ रुंदावतच नव्हत्या. त्याआधी १९८६ मध्ये बोस्टनच्या एका गटाने हृदयाच्या रोगट धमन्यांत ॲसिटिलकोलिन सोडून बघितलं, तर त्या सैल पडायच्या ऐवजी आकसल्या. फर्चगॉटच्या खरवडलेल्या पट्टीसारख्याच, पण जिवंत माणसात, कुणी न खरवडता.

आठ वर्षांचं मूल. हे वाचताना मला त्या मुलांपेक्षा काकांचंच बालपण दिसत राहिलं.

एवढी बोलकी चाचणी असून आमच्या रिपोर्टवर तिचा रकाना नाही. कारणं खरी आहेत: प्रोब धरणारा हात बदलला की आकडा बदलतो, खोलीतली थंडी, आधी काय खाल्लं, सकाळ की संध्याकाळ, सगळ्यांचा परिणाम होतो. भरपूर चरबीच्या एका जेवणानंतरही निरोगी माणसाची धमनी काही तास नीट रुंदावत नाही, असं १९९७ मध्ये दाखवलं गेलंय. तेव्हा रिपोर्टवर येतात ते लिपिडचे आकडे, आणि त्यातलं एलडीएलसुद्धा बऱ्याचदा मोजलेलं नसतं, फ्रीडवाल्डच्या १९७२ च्या सूत्राने वजाबाकी करून काढलेलं असतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते सूत्र लंगडं पडतं. लोकांची नजर मात्र एचडीएलच्या रकान्यावर जाऊन थांबते. "चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे माझं," असं म्हणून शेजारचं एलडीएल माफ करून टाकणारे कितीतरी जण भेटतात. एचडीएल अस्तराला मदत करतं हे खरंच आहे. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला ते चालना देतं. पण टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल भरघोस वाढवलं, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले म्हणून २००६ मध्ये ती चाचणी बंद करावी लागली. आकडा वाढला, काम वाढलं नाही. या एका रकान्यावर एवढा भरवसा ठेवण्यासारखं त्यात काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात मनाला उभारी देणारीही एक गोष्ट आहे. बिघडलेलं वागणं सुधारतं, आणि झटपट सुधारतं. रक्त यंत्रातून फिरवून त्यातलं एलडीएल एकदाच काढून टाकलं, तर त्यानंतर लगेच केलेल्या मोजणीतही धमन्या जास्त रुंदावलेल्या दिसल्या आहेत. भिंतीतला गाठीचा भाग तेवढ्यात कुठे जाणार? पण अस्तराचा श्वास मोकळा होतो. उलट बाजूला काळाचा हिशेब आहे, आणि तो निर्दय आहे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत रोग डोळ्यांना दिसत होता. याच्या नेमकं उलट, पीसीएसके९ या जनुकातल्या बिघाडामुळे काही लोकांचं एलडीएल जन्मापासून कमी असतं. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीयांमधल्या अशा लोकांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं, आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्के कमी. साठीत गोळी घेऊन एलडीएल तेवढंच उतरवलं तर एवढा फायदा होत नाही. आकड्याला वर्षांनी गुणायचं असतं, आणि रिपोर्टवर फक्त आकडा छापता येतो.

काकांच्या मुलाला हे सगळं सांगायला मी बरीच वर्षं टाळाटाळ केली असं नाही; सांगत आले, तो ऐकत आला, आणि विषय बदलत आला. "ताई, मला काही होत नाहीये," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मग त्याच्या मुलीला सर्दी-तापासाठी नेलं असताना डॉक्टरांनी सहज घरातली माहिती विचारली, आजोबा कितव्या वर्षी गेले ते ऐकून पेन खाली ठेवलं आणि लिपिड प्रोफाइल लिहून दिली. तो माझ्यावरच चिडला. "एवढ्याशा पोरीला सुई कशाला टोचायची?" पोरीने मात्र मुकाट हात पुढे केला आणि नळी भरताना बघत बसली. "आत्या, माझं रक्त चांगलं आहे का गं?" तिचं सीरम मी स्वतः बघितलं. नितळ. एलडीएल दोनशेच्या वर.

गोळी सुरू झाली. या आजारात आठ-दहा वर्षांच्या वयापासून कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन देतात, म्हणजे ज्या गोळीचं मूळ जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीत शोधलं ती. वहिनीचा जीव वरखाली होत होता. इतक्या लहान मुलीला आयुष्यभराची गोळी लावायची हे मलाही सोपं वाटलं नाही. तिला मी नेदरलँड्सच्या मुलांबद्दल सांगितलं. तिथे या मुलांना स्टॅटिन दिल्यावर २८ आठवड्यांत धमन्या निरोगी मुलांच्या जवळपास रुंदावू लागल्या होत्या. दुसऱ्या एका गटावर २० वर्षं लक्ष ठेवलं, ते २०१९ मध्ये छापून आलं. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत त्या मुलांपैकी १ टक्क्याला हृदयाचा त्रास झाला होता. हाच आजार असलेल्या त्यांच्या आईवडिलांना, ज्यांच्या लहानपणी ही गोळी नव्हती, त्यांच्यापैकी २६ टक्क्यांना त्याच वयापर्यंत तो झाला होता. वहिनीने आकडे दोनदा विचारून घेतले. मग स्वतःचं रक्त तपासायला दिलं. तिचं व्यवस्थित निघालं.

म्हणजे जनुक कुणाकडून आलं हे उघड आहे. पोरीचा रिपोर्ट आला तेव्हा त्याचाही आलाच, फक्त आकडा छापायचा राहिलाय. रोज रात्री मुलीला गोळी तोच देतो, न चुकता, आणि स्वतःचं रक्त द्यायचा विषय निघाला की अजून उठून आत जातो. बाबांच्या वयाच्या जवळ आलोय हे त्याला कळत नसेल असं नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा म्हणाला, "बघू, येतो एखाद्या सकाळी. उपाशी कधीपासून राहायचं?" मी म्हटलं, उपाशी राहायची गरज नाही, कधीही ये.